तिकिटावरचे सव्वापाच तास

ती. आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

काल बाबा फोनवर म्हणाले, "दुपारी दीडला मुंबई सोडायची, पावणेसातला लंडन. सव्वापाच तास! आपली सातारा-मुंबई एसटी एवढीच की." आणि आईने लगेच दशम्या रद्द केल्या. मी काही बोलणार तोवर रेंज गेली, म्हणून हे लिहितेय.

बाबा, तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची आणि पोचायची वेळ लंडनची असते. उन्हाळ्यात इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. लंडनला पावणेसात वाजतात तेव्हा साताऱ्यात रात्रीचे सव्वाअकरा झालेले असतात. म्हणजे खरा प्रवास पावणेदहा तासांचा. परतीच्या तिकिटावर बरोबर उलटी गंमत आहे: रात्री नऊला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबई. दिसायला साडेतेरा तास, बसायचं फक्त नऊ.

आता तुम्ही विचारणारच, अंतर तेच तर जाताना पाऊण तास जास्त कसा? तीस वर्षं खंबाटकीतून एसटी काढलेल्या माणसाने हे विचारू नये! मुंबईला जाताना बोगदा, साताऱ्याला येताना घाट, हे तुम्हीच मला शिकवलंत. विमानाचं तसंच आहे, फक्त घाट वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. विमान हवेतून ताशी 900 च्या आसपास जातं, पण समोरून 100 चा वारा असेल तर खालची जमीन 800 नेच मागे पडते. परतताना तोच वारा पाठीवर. म्हणजे इकडे येताना घाट, घरी जाताना बोगदा.

सरळ अंतर साधारण 7,200 किलोमीटर. सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणल्यासारखं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. शिवाय एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलंय, म्हणून तुमचं विमान अरबी समुद्रावरून वळसा घेणार. त्यात लंडनच्या हीथ्रो विमानतळाची गर्दी. धावपट्ट्या दोनच, त्यामुळे उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. मागच्या वेळी मला खाली घरांची कौलं दिसत होती, तरी वीस मिनिटं आम्ही वरच. तसं झालं तर आईला घाबरू देऊ नका.

बाबांनी एचएमटी उतरेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवायचं. आईच्या बीपीच्या गोळीचं डॉक्टरांना आधी विचारून कागदावर लिहून घ्या. दर दोन तासांनी दोघांनी मागच्या दारापर्यंत चालून यायचं. आईला संकोच वाटेल, पण सगळेच चालतात. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, म्हणजे घरून पहाटे चारला निघावं लागेल. त्याऐवजी आदल्या रात्री मामाकडे मुक्काम करा, माझं त्याच्याशी बोलणं झालंय.

आणि आई, दशम्या कर. शेंगदाण्याची चटणी कोरडी घे, लोणच्याचं तेल बॅगेत सांडतं. कंदी पेढे मात्र इकडे आणायचे नाहीत, दुधाचे पदार्थ आत आणू देत नाहीत. तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे, तेव्हा घेतलेच तर उतरण्याआधी दोघांनी संपवा. बाबांना दोनच.

तुमची लेक