बर्फाच्या गाड्या आणि बाबांचा प्रश्न

ती. आई-बाबा,
सा. न.

बर्फ ढकलायच्या गाडीत डिझाइन करण्यासारखं एवढं काय असतं, असं बाबांनी विचारलं होतं. फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहितेय. आई, तूच वाचून दाखव. चष्मा शोधायचा सोडून बाबा अंदाजाने वाचतात.

आमच्या कारखान्यात ट्रक बनत नाही, तो बाहेरून येतो. समोरचा प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारं पातं, मागची मिठाची टाकी, मीठ फेकणारी तबकडी आणि हे सगळं हलवणारं हायड्रॉलिक्स आमचं. बर्फ ढकलणं त्यातल्या त्यात सोपं. तो रस्त्याला चिकटू न देणं अवघड. चाकांखाली एकदा दाबला गेला की डांबराला असा धरून बसतो की पातं वरून नुसतं घासत जातं. म्हणून बर्फ पडायच्या आधीच मिठाचं पाणी मारून ठेवतात. त्यात वजनाने साधारण 23 टक्के मीठ. त्या प्रमाणाला ते उणे 21 अंशांपर्यंत गोठत नाही. आणखी मीठ घातलं तर उलट लवकर गोठतं! रस्त्यावर मात्र बर्फ वितळून ते पातळ होत जातं, त्यामुळे उणे 10च्या आसपास साधं मीठ थकतं. मग कॅल्शियम क्लोराइड काढावं लागतं.

माझ्याकडे तबकडीचं काम आहे. चौरस मीटरला 10 ग्रॅम सांगितलं तर 10च पडायला हवं, गाडी हळू असो की जोरात. नाहीतर सिग्नलला ढीग आणि मोकळ्या रस्त्यावर ठणठणाट. जास्तीचं मीठ शेवटी झाडांच्या मुळाशी आणि पुलांच्या सळ्यांपर्यंत पोचतं. एवढे सेन्सर बसवूनही तपासणी कशी, तर टाकीखाली घमेलं ठेवायचं, टाकीतलं मीठ बाहेर आणणारा पट्टा ठरलेला वेळ फिरवायचा आणि पडलेलं मीठ वजनकाट्यावर ठेवायचं. बाबा, तुम्हाला हे आवडेल.

पात्याची धार टंगस्टन कार्बाइडची, तुमच्या लेथच्या टूलला असायची तीच. कडक, पण ठोका बसला की तुकडा उडतो. म्हणून गटाराचं झाकण आडवं आलं की पात्याचा खालचा भाग स्प्रिंगवर मागे दुमडतो, झाकणावरून जातो आणि खाडकन जागेवर येतो. तो दुमडला नाही तर ड्रायव्हरचं कपाळ काचेवर.

आणि आई, या गाड्या मी चालवत नाही. पहाटे दोनला रस्त्यावर उतरणारी माणसं वेगळी, त्यांची काळजी कर हवं तर.

आमचा मोसम उलटा. थंडीआधी गाड्या पोचवायच्या, म्हणून उन्हाळाभर ओव्हरटाइम, आणि हिवाळ्यात सुट्या भागांसाठी सारखे फोन. मोकळीक मिळते ती मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टरांकडे त्याच दिवसांतली मागा. मला न विचारता जूनची ठरवून मोकळे होऊ नका. बाबा, हे तुम्हाला आहे.

तुमची,
ताई