कारकून ते सचिव

संपादक महोदय,

संस्थानांचं विलीनीकरण म्हटलं की सरदार पटेल आठवतात, ते योग्यच. पण त्यांचा उजवा हात असलेले, संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन स्पर्धा परीक्षेतल्या एका प्रश्नापुरतेच उरलेत, याचं फार वाईट वाटतं. मेनन आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या वरिष्ठ सनदी सेवेतले, नव्हते. कारकून म्हणून सरकारी नोकरीत शिरले आणि 1942 मध्ये सुधारणा आयुक्त, म्हणजे व्हाइसरॉयचे घटनाविषयक सल्लागार, झाले. मे 1947 मध्ये सिमल्यात सत्तांतराच्या योजनेचा नवा मसुदा त्यांनी काही तासांत उतरवला. (वर्षानुवर्षे फायली उपसल्याशिवाय असं हातून होत नाही!) सामीलनाम्यात, म्हणजे संस्थानाने भारतात सामील होण्याच्या करारात, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच तीन विषय मागायचे, ही कल्पनाही त्यांनीच पटेलांपुढे मांडली. म्हणून तर बहुतेक राजे 15 ऑगस्टपूर्वी सहीला तयार झाले.

माझी भाची यंदा लिपिक म्हणून रुजू झाली. पेढे देताना तिची मान खाली होती, ‘फक्त क्लार्क’ म्हणाली. तिच्यासारख्यांसाठी ठाणे महापालिकेच्या चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेने मेनन यांच्या कारकिर्दीवर एक व्याख्यान जरूर ठेवावं. थोडक्या गुणांनी अधिकारीपद हुकलेल्या मुलांना आवर्जून बोलवावं.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे