पन्नास प्रश्नावल्या आणि माझी आई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पात ‘धर्मचिंतन नको’ म्हणणारा परवाचा लेख आमच्या गावात काल दुपारी पोचला. माझ्या मुलीची फाइल नेमकी याच कारणाने परत आली आहे, म्हणून लिहितो.

ती बी.ए.ला आहे. मराठी, इतिहास, समाजशास्त्र. माझी आई महानुभाव पंथाची उपदेशी, म्हणजे उपदेश घेऊन संसारात राहिलेली अनुयायी, पण बायकोच्या माहेरच्या रीतीने घरात नवरात्रात घट बसतो. ते नऊ दिवस आई ओसरीवर बसून स्मरण करते, आत येत नाही. का, असं पोरीने विचारलं. आई म्हणाली, “देवता फळ देते वो बाई, मोक्ष नाही देत.” मग जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चार पदार्थ तिला समजावले. त्या एका उत्तरावर पोरीने प्रकल्प उभा केला: हे तत्त्वज्ञान काय सांगतं, तेराव्या शतकात ते मराठीतच का सांगितलं गेलं आणि आज एका घरात दोन रीती कशा नांदतात. तिन्ही विषय त्यात आले.

मार्गदर्शकांनी पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलं, ‘हे निरूपण आहे, प्रकल्प नाही.’ वर पन्नास जणांकडून प्रश्नावली भरून टक्केवारी काढायला सांगितली. ‘आपण देव मानता का? होय / नाही.’ माझ्या आईने खूण कुठे करायची?

श्रद्धा आली की चिकित्सा संपते, असं आपले लेखक म्हणतात. आमच्याच तालुक्यातल्या रिद्धपूरशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते म्हाइंभट श्रद्धावानच होते. ज्यांनी पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामींना पाहिलं त्यांना गावोगाव गाठून, विचारून त्यांनी १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ हे स्वामींचं चरित्र सिद्ध केलं. क्षेत्रकार्य म्हणतात ते हेच ना?

२०२४ पासून त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. पोरीला तिथे जाऊन माहिती घ्यायची होती. पण आमच्या गावची संध्याकाळची बस बंद झाली, ती का, हे कुणी सांगत नाही. तरुण पोर परतणार कशी? याचीही बातमी करावी.

प्रकल्प जमा करायला बारा दिवस उरलेत. प्रश्नावल्यांचा गठ्ठा कोराच पडलाय आणि ती रात्री आजीजवळ वही घेऊन बसते. तेवढ्यात हे पत्र छापावं, ही विनंती.

आपला,
एक संत्रा बागायतदार, ता. मोर्शी, जि. अमरावती