मा. गृहमंत्री साहेब, शक्ती विधेयकाचं काय झालं ते माझ्या मुलीला तुम्हीच सांगा

मा. गृहमंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला कामं खूप असतात हे मान्य आहे, पण काल पोलीस स्टेशनला मला जे ऐकावं लागलं त्यानंतर गप्प बसवत नाही. मुलीच्या तक्रारीचा तपास करणारे साहेब बदलून गेले, नवीन साहेबांना फाइल सापडत नाही, आणि वर मलाच विचारतात, ताई तुमच्याकडे झेरॉक्स आहे का?

ऑगस्ट 2024 मध्ये एफआयआर केला. बदलापूरच्या त्या लहान मुलींसाठी लोक रेल्वे रुळावर उतरले होते तोच महिना. आमच्याच गल्लीतला मुलगा, आधी मागे मागे फिरायचा, मग खोट्या अकाउंटवरून पोरीचे फोटो बनवून नातेवाइकांना पाठवले. तिचा मोबाइल पाकिटात घालून, लाखेचं सील लावून माझ्यासमोर लॅबला पाठवला, तो अजून परत नाही. अकाउंट कुणाचं ते कंपनी कळवत नाही म्हणे. आणि तो जामिनावर सुटून रोज कोपऱ्यावरच्या टपरीवर बसतो. माझी पोर क्लासला जायची बंद झाली. नोटिफिकेशन वाजलं की हातातला घास ताटात ठेवते आणि उठून जाते, आई म्हणून हे रोज बघायचं मी.

आता शक्तीबद्दल. बायका-मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना कडक शिक्षा देणारं हे राज्याचं विधेयक डिसेंबर 2020 मध्ये आलं, डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने पास केलं, तेव्हा सत्तेत होते त्यांनीही आणि विरोधात होते त्यांनीही. मी स्वतः ती बातमी बचत गटाच्या ग्रुपवर टाकली होती. सोशल मीडिया कंपनीने तपासाला माहिती दिली नाही तर तिलाही शिक्षा, असं त्यात होतं. नेमकं आमचं दुखणं! पण तुम्ही सगळे बोललात ते त्यातल्या फाशीच्या शिक्षेवर. साहेब मला फाशी नकोय, मला त्या कंपनीचं उत्तर हवंय. पुढे विधेयक मंजुरीसाठी दिल्लीला गेलं, केंद्राने आक्षेप काढले, राष्ट्रपतींची सही काही झाली नाही आणि कायदा कधी आलाच नाही.

मग 1 जुलै 2024 पासून नवे केंद्रीय कायदे आले. त्यातल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम 193 मध्ये लिहिलंय की तपास कुठवर आला हे 90 दिवसांत तक्रारदाराला कळवायचं. मला कुणी कळवलं? एक मेसेज नाही, एक फोन नाही, दर वेळी मीच शंभर रुपये रिक्षाला घालून जाते आणि साहेब बंदोबस्तात आहेत ऐकून परत येते.

आणि जनसुरक्षा विधेयक बघा. 12 हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या, तरी 10 जुलै 2025 ला विधानसभेत आवाजी मतदानाने पास, दुसऱ्या दिवशी परिषदेत पण. सरकारच्या मनात असलं की इतकं पटकन होतं तर! संघटनांवर बंदी घालायला घाई आणि बायकांच्या कायद्याला चार चार वर्षं दिल्लीची वाट, हे कुठल्याही पक्षाचं सरकार असो, मला संतापजनकच वाटतं. जनसुरक्षा म्हणता, मग माझी पोर जनतेत येत नाही का?

नवीन कायदा नका आणू साहेब. लॅबमध्ये माणसं भरा, प्रत्येक पोलीस स्टेशनला सायबरचं शिकलेला एक तरी माणूस द्या, आणि अधिकारी बदलला तर फाइल कुणाच्या हातात दिली ते तक्रारदाराला लेखी द्या.

सोमवारी मी झेरॉक्स घेऊन परत जाणार आहे. तोवर ती फाइल शोधून ठेवायला सांगा त्यांना.

एक आई