माती परीक्षणाची पेटी घ्यायची आहे, हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

गेल्या आडसालीला, म्हणजे पावसाळ्यातल्या उसाच्या लागणीला, आपल्या गटाने मातीचे नमुने तपासायला दिले. अहवाल आले तेव्हा बेसल डोस (लागणीचं खत) पडून गेला होता, बांधणी (उसाला माती चढवणं) तोंडावर आली होती. ते कागद अजून कपाटात आहेत.

यंदा परीक्षण गावातच करायचं ठरलं. पहिल्यांदा सगळ्यांचा जीव जडला तो एक्स-रे बंदुकीवर, म्हणजे मातीतले घटक मोजणाऱ्या हातातल्या यंत्रावर. प्रात्यक्षिकात मातीला टेकवून घोडा दाबला, आणि मिनिटाभरात लोह, जस्त, मँगनीजचे आकडे पडद्यावर! पोरं खूश. पण लोह निघालं शेकडा सहा, आणि त्याच रानातला ऊस केवडा (लोह न मिळाल्याने पानं फिकी पडणं) पडून पिवळा. दोन्ही खरंच. बंदूक मातीतलं एकूण लोह मोजते. चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या वर गेलेल्या आपल्या काळ्या रानात ते मुळांच्या हाती लागत नाही. पिकाला मिळणारं लोह किलोमागे ४.५ मिलिग्रॅमच्या आणि जस्त ०.६ च्या खाली गेलं की कमतरता धरतात. ते बंदुकीला कळत नाही. नत्र (नायट्रोजन) तर तिला दिसतच नाही, माती ओली असली की आकडे घसरतात, आणि किंमत लाखांत. शिसं, आर्सेनिक शोधायला ती चांगली. आपलं दुखणं वेगळं.

म्हणून भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेने तयार केलेला ‘मृदापरीक्षक’ हा फिरता संच घ्यायचा आहे. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), जस्त, लोह हे सगळं त्यावर होतं. मात्र रसायनं लागतात, ती संपतात, हेही आत्ताच सांगून ठेवतो. संचासाठी कार्यालयाची मागची खोली रिकामी केली आहे.

सभासदांनी एकरी २०० रुपये द्यावेत. ज्यांचं रान वाट्याने आहे त्यांनी निम्मेच. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींनी जमेल तेवढं पाठवावं. पावतीशिवाय कुणाकडेही पैसे देऊ नका. कोटेशन आणि जमाखर्च कार्यालयाच्या दारावर लावला आहे. बी.एस्सी. झालेली दोन मुलं-मुली संच चालवायला शिकायला हवीत. त्यांना नमुन्यामागे मानधन देऊ.

नमुने लागणीच्या महिनाभर आधी आणा. बांधाकडची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती नको. खुरपं लाकडी किंवा प्लॅस्टिकचं घ्या. लोखंडाने लोहाचा आकडा फुगतो. आणि कृपा करून माती खताच्या रिकाम्या पोत्यावर वाळवू नका. मागच्या खेपेला एका खडकाळ रानात पालाश इतका निघाला, की मालक स्वतःच हसत सुटले.

आपले,
शेतकरी गटाचे कार्यकारी मंडळ