रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवण्याची घाई नको

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

लॅपटॉप बिघडला म्हणून त्याची प्रणाली (म्हणजे विंडोज) पूर्ववत करून घेतली आणि नंतर पाहतो तर कागदपत्रे, फोटो, हिशेबाच्या फाइली जागेवर नाहीत, अशी तक्रार घेऊन येणारी माणसे संगणक-दुरुस्तीच्या माझ्या व्यवसायात नेहमीच भेटतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी येण्यापूर्वी एक गोष्ट उरकलेली असते. एखाद्या तंत्रज्ञानविषयक सदरात वाचून किंवा कोणीतरी सुचवले म्हणून इंटरनेटवरून ‘रिकव्हरी सॉफ्टवेअर’, म्हणजे पुसलेल्या फाइली शोधून परत देणारा प्रोग्राम, उतरवून त्यांनी ते त्याच लॅपटॉपवर चालवलेले असते. सल्ला देणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही; मात्र हा सल्ला सर्वांत आधी देणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गेल्या असे वाटणाऱ्या फाइलींपैकी पुष्कळशा डिस्कवर जशाच्या तशा असतात, फक्त नेहमीच्या ठिकाणी दिसत नाहीत. आणि ज्या खरोखरच पुसल्या गेलेल्या असतात, त्या परत मिळण्याची उरलीसुरली शक्यता या घाईपायी संपुष्टात येते.

पहिला प्रश्न असा, की लॅपटॉपवर नेमके काय केले गेले? विंडोजमधील ‘सिस्टम रिस्टोअर’ ही सोय प्रणालीच्या फाइली, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही), ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम) आणि बसवलेले प्रोग्राम एखाद्या आधीच्या रिस्टोअर पॉइंटच्या, म्हणजे विंडोजने नोंदवून ठेवलेल्या जुन्या दिवसाच्या, स्थितीत नेऊन ठेवते. वैयक्तिक दस्तऐवजांना आणि फोटोंना ती हात लावत नाही. ‘रीसेट’ हे त्याहून मोठे काम असून त्यात ‘माझ्या फाइली ठेवा’ आणि ‘सर्व काही काढून टाका’ असे दोन पर्याय येतात. लॅपटॉपच्या निर्मात्याने डिस्कच्या राखीव भागात ठेवलेल्या साधनाने यंत्र कारखान्यातून आले तसे केले, तर बहुधा सी ड्राइव्हच (डिस्कचा विंडोज असलेला भाग) फॉरमॅट होतो, म्हणजे पूर्ण रिकामा केला जातो. आधी घेऊन ठेवलेली ‘सिस्टम इमेज’, म्हणजे डिस्कची संपूर्ण प्रत, परत टाकली, तर डिस्क त्या दिवसाच्या स्थितीत जाते आणि नंतर तयार केलेल्या फाइली तिच्यात असण्याचा प्रश्नच उरत नाही. यांतले कोणते काम झाले यावर पुढचे सगळे अवलंबून असते. असे असताना ‘विंडोज नव्याने टाकून दिली’ एवढेच सांगून लॅपटॉप ग्राहकाच्या हाती ठेवणारे आमच्याच व्यवसायात कमी नाहीत, हे मला खेदाने नमूद करावे लागते.

सिस्टम रिस्टोअरनंतर किंवा एखाद्या अपडेटनंतर डेस्कटॉप अचानक कोरा दिसू लागला, पडद्यामागच्या चित्रासह सगळी मांडणी नव्या लॅपटॉपसारखी झाली आणि डॉक्युमेंट्समध्ये काहीच उरले नाही, तर फाइली पुसल्या गेल्या असे लगेच समजू नये. वापरकर्त्याचे प्रोफाइल (त्याच्या फाइली आणि सेटिंगे यांचे फोल्डर) उघडताना काही अडथळा आला, तर विंडोज त्याला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आत घेते किंवा नवे प्रोफाइल तयार करते. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका सुरक्षा अपडेटनंतर काही वापरकर्त्यांना नेमका हाच अनुभव आला होता. अशा वेळी सी ड्राइव्हमधील ‘यूजर्स’ हे फोल्डर उघडून पाहावे. तेथे आपल्या नावाचे जुने फोल्डर असते आणि त्याच्या शेजारी ‘टेम्प’ नावाचे किंवा आपल्याच नावापुढे टिंब व तीन शून्ये लागलेले दुसरे फोल्डर दिसते. दोन्हींचे आकारमान तपासले की उलगडा होतो. जुने कित्येक गिगाबाइट भरते आणि नव्यात जेमतेम काही मेगाबाइट असतात. जुने फोल्डर उघडताना परवानगी विचारली जाते, ती प्रशासक खात्यातून देता येते. त्यातील मजकूर आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा आणि मगच प्रोफाइल दुरुस्त करण्याच्या मागे लागावे. येथे एक सावधगिरी मात्र अगत्याची आहे. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये काम करून जे काही साठवले जाते, ते साइन आउट होताच टाकून दिले जाते. त्यामुळे ‘असू दे, सध्या यातच काम करू’ असे म्हणणाऱ्यावर दुसऱ्यांदा फाइली गमावण्याची वेळ येते.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे वनड्राइव्ह, ही मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली साठवण्याची सेवा. त्याचा बॅकअप चालू असेल, तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरे मूळ ठिकाणाहून हलून वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलेली असतात, आणि हे पुष्कळांना ठाऊकच नसते, कारण रोजच्या वापरात काही फरक जाणवत नाही. रीसेटनंतर त्याच खात्याने लॉगिन केले नाही, किंवा घाईत नवे खाते उघडले, की जुना डेस्कटॉप रिकामा दिसतो. खात्याच्या संकेतस्थळावर ब्राउझरमधून लॉगिन करून पाहिले, तर फाइली तेथे सुखरूप असतात. तेथून त्या पुसल्या गेल्या असतील, तरी वैयक्तिक खात्याच्या कचरापेटीत त्या ३० दिवस राहतात. म्हणून हा शोध पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

तिसऱ्या जागेचा विचार मात्र मला थोडा विस्ताराने मांडावासा वाटतो, कारण तिची माहिती नसल्याने होणारे नुकसान माझ्या डोळ्यांदेखत झालेले आहे. डिस्क फॉरमॅट न करता विंडोज नव्याने बसवली, तर जुनी प्रणाली वापरकर्त्यांच्या फोल्डरांसह सी ड्राइव्हमध्येच ‘विंडोज डॉट ओल्ड’ या नावाने बाजूला ठेवली जाते. नव्या आवृत्तीवर गेल्यानंतर हे फोल्डर साधारणपणे १० दिवसांनी आपोआप काढून टाकले जाते, आणि जागा मोकळी करण्याच्या उत्साहात कोणी डिस्क क्लीनअप हे विंडोजचे साफसफाईचे साधन चालवून ‘आधीची विंडोज’ या ओळीवर खूण केली, तर ते त्याच क्षणी नाहीसे होते. ‘माझ्या फाइली ठेवा’ हा पर्याय निवडूनही काही गोष्टी का सापडत नाहीत, याचे उत्तरही बहुधा येथेच मिळते. या पर्यायात दस्तऐवज, फोटो वगैरे राखले जातात. परंतु ‘प्रोग्राम फाइल्स’, ‘प्रोग्राम डेटा’ आणि प्रत्येक वापरकर्त्याचे ‘ॲपडेटा’ हे लपवलेले फोल्डर यांतील मजकुराला ते अभय नसते. वरकरणी यात वावगे काही नाही, कारण ती प्रोग्रामांची जागा आहे. पण अनेक जुनी हिशेबाची सॉफ्टवेअरे वर्षानुवर्षांच्या नोंदी स्वतःच्याच प्रोग्राम फोल्डरात ठेवतात. ब्राउझरचे बुकमार्क ॲपडेटामध्ये असतात. पडद्यावर पिवळ्या चिठ्ठ्यांसारख्या दिसणाऱ्या स्टिकी नोट्सचा सगळा मजकूर त्याच फोल्डरात खोलवर ‘प्लम’ नावाच्या एका लहानशा डेटाबेस फाइलमध्ये असतो. एका संशोधक बाईंनी आपल्या प्रबंधाचे सगळे संदर्भ त्या चिठ्ठ्यांतच टिपून ठेवले होते. रीसेटनंतर चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या, तेव्हा ‘फाइली तर सगळ्या आहेत’ असे सांगून त्यांना दुसऱ्या एका दुकानातून परत पाठवण्यात आले होते. विंडोज डॉट ओल्ड तोवर शाबूत होते, म्हणून ती फाइल तेथून काढून देता आली.

कधी कधी फाइल जागेवर असते, तरी ती नासली असे वाटते. युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) नसलेल्या जुन्या देवनागरी फाँटमध्ये टंकलेला मजकूर प्रणाली पूर्ववत केल्यावर रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या गिचमिडीसारखा दिसतो. फाँट प्रणालीबरोबर गेलेला असतो, मजकूर गेलेला नसतो. तोच फाँट पुन्हा बसवला की तो पूर्ववत वाचता येतो.

एवढे शोधूनही फाइली मिळाल्या नाहीत, तर त्या पुसल्या गेल्या असे मानण्यास हरकत नाही, आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरचा विषय येथून पुढे सुरू होतो. हार्ड डिस्कवरील फाइल पुसली जाते तेव्हा तिची यादीतील नोंद मोकळी म्हणून दाखवली जाते. प्रत्यक्ष मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणूनच त्याच डिस्कवर काहीशे मेगाबाइटचे सॉफ्टवेअर उतरवून बसवणे हे आपल्याच फाइलींवर लिहिण्यासारखे आहे. लॅपटॉप नुसता चालू ठेवला, तरी विंडोज पार्श्वभूमीवर अपडेट उतरवत राहते आणि डिस्कवर लिहिणे चालूच असते. तेव्हा यंत्र बंद करावे, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, शक्य असल्यास तिची पूर्ण प्रतिकृती घ्यावी आणि शोध त्या प्रतिकृतीत करावा. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ हे विनामूल्य साधन उपलब्ध करून दिले. जिथून फाइली शोधायच्या तो ड्राइव्ह आणि जिथे ठेवायच्या तो ड्राइव्ह वेगळे असावेत, अशी अटच ते घालते. ‘फोटोरेक’ हे मुक्त सॉफ्टवेअरही चांगले आहे, मात्र त्याने मिळालेल्या फाइलींना मूळ नावे आणि फोल्डर राहत नाहीत, त्यामुळे नंतर हजारो फाइली एकेक उघडून ओळखत बसण्याची तयारी ठेवावी लागते.

एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवण करणारी डिस्क) असलेल्या लॅपटॉपबाबत लोकांना खोटी आशा दाखवू नये. पुसलेल्या जागांची माहिती विंडोज ‘ट्रिम’ या आदेशाने एसएसडीला देते आणि तिचा नियंत्रक त्या जागा आतल्या आत मोकळ्या करतो. ते झाल्यावर कोणतेही सॉफ्टवेअर तो मजकूर परत आणू शकत नाही. त्यातच डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधील कुलूपबंद करण्याच्या सोयीने) कूटबद्ध असेल, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी केलेली असेल, आणि सर्व काही काढून विंडोज नव्याने टाकली असेल, तर जुनी किल्ली गेलेली असते आणि उरलेल्या बाइटांचा काही उपयोग नसतो. याउलट डिस्क तशीच असून सुरुवातीलाच निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जात असेल, तर घाबरून रीसेटची कळ दाबणे हा आत्मघात ठरतो, कारण ती किल्ली बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आधीपासून जपून ठेवलेली असते.

या सगळ्यात दोष केवळ वापरकर्त्याच्या अज्ञानाचा आहे, असे मी मानत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या वैयक्तिक फाइली खरोखरच पुसल्या होत्या. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखी फोल्डरे दुसरीकडे वळवली होती, पण जुन्या ठिकाणी काही फाइली राहू दिल्या होत्या, त्यांची ती जुनी फोल्डरे अनावश्यक समजून मजकुरासकट काढली गेली. मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यावे लागले. आजही ‘माझ्या फाइली ठेवा’ हा पर्याय वापरल्यावर कोणते प्रोग्राम काढले याची यादी विंडोज डेस्कटॉपवर आठवणीने ठेवते. प्रोग्राम तर पुन्हा बसवता येतात; ॲपडेटा आणि प्रोग्राम डेटा यांतून वापरकर्त्याचा कोणता मजकूर बाजूला काढला आणि तो किती दिवस राहील, याची यादी त्याच जागी देणे कंपनीला अशक्य आहे काय?

आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांकडूनही ग्राहकाने तीन गोष्टी पावतीवर लिहून मागाव्यात: कोणत्या प्रकारे प्रणाली पूर्ववत केली, डिस्क फॉरमॅट केली की नाही, आणि जुना मजकूर कोठे उतरवून ठेवला आहे. तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. आपल्या दैनिकातील तंत्रज्ञानविषयक सदरलेखकांना माझी विनंती आहे, की हा विषय निघेल तेव्हा यूजर्स फोल्डर, वनड्राइव्हचे संकेतस्थळ आणि विंडोज डॉट ओल्ड यांचा उल्लेख आधी यावा, आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरचे नाव येईल तेव्हा ‘दुसऱ्या संगणकावरून’ हे शब्द त्याच वाक्यात यावेत.

आपला विश्वासू,
एक संगणक-दुरुस्ती तंत्रज्ञ