फ्लॅशवाल्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. पत्राचं तसं नाही, ते मध्येच तोडता येत नाही. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या संध्याकाळी मी ज्या खड्ड्यात पडले होते त्यात आणखी बरेच जण चाचपडत असणार.

भाचीचा वाढदिवस, कॅमेऱ्याची नवी नवलाई आणि तासाभरात रडकुंडीला आलेली मी. आठवतंय ना? घरात उजेड कमी म्हणून फ्लॅश लावला होता. फोटो हलू नये म्हणून शटर १/२०० सेकंद, सगळे फोकसमध्ये यावेत म्हणून अ‍ॅपर्चर एफ/८ (लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान), दाणे दिसू नयेत म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला दाद देण्याची तयारी, १००. तिन्ही निर्णय सुटेसुटे बघितले तर शहाणपणाचे. फोटोत मात्र पांढरेफटक चेहरे आणि मागे काळीकुट्ट गुहा. फ्लॅश छताकडे वळवला तर चेहरेही गुहेत गेले. मग चिडून शटर १/५०० वर नेला आणि फोटोच्या खालच्या बाजूला एक काळा पट्टा उमटला. कॅमेरा बिघडला, असं मी जवळजवळ जाहीरच केलं होतं.

तुम्ही स्क्रीन बघितलीत आणि पहिलं वाक्य बोललात ते असं : "आधी फ्लॅश बंद कर."

फोटोला उजेड पुरत नाही आणि हा माणूस फ्लॅश बंद करायला सांगतोय! पण केला. तुम्ही आयएसओ ४०० आणि एफ/५.६ ठेवायला लावलंत, ताईला दिव्यापासून जरा लांब उभं केलंत आणि शटर बदलत तीन फोटो काढायला सांगितलेत. १/२०० ला जवळजवळ काळं. १/५० ला भिंत, पडदा, मागचं कपाट अंधुक ओळखू यायला लागलं. १/१३ ला खोली खोलीसारखी दिसली. मग फ्लॅश चालू करून, त्याची ताकद मॅन्युअलवर ठेवून, तेच तीन फोटो पुन्हा. ते एकापाठोपाठ एक बघताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. भिंत तीनदा बदलली होती, ताईचा चेहरा जवळजवळ तसाच होता. शेवटच्या फोटोत किंचित उजळ, तोही खोलीचा उजेड त्यात मिसळला म्हणून.

"एका क्लिकमध्ये दोन फोटो असतात," तुम्ही म्हणालात. "एक फ्लॅशचा, एक खोलीचा." फ्लॅश पूर्ण ताकदीने उडाला तरी साधारण एक हजारांश सेकंदात विझतो, कमी ताकदीवर त्याहूनही कितीतरी लवकर. मग शटरचा पडदा १/२०० उघडा राहिला काय किंवा १/१३ राहिला काय, त्याला फरक पडत नाही. खोलीतला दिवा मात्र सतत जळतोय. पडदा जितका वेळ उघडा, तितका त्याचा उजेड आत येत राहतो. अमेरिकन अभियंते हॅरॉल्ड एडगर्टन यांनी १९५७ साली टिपलेला दुधाच्या थेंबाचा मुकुट मी आधीही पाहिला होता, पण तो थेंब शटरने गोठवलाय असंच समजत होते. गोठवला होता फ्लॅशने.

मी लगेच पाठ केल्यासारखं म्हटलं, "म्हणजे शटर खोलीचा आणि अ‍ॅपर्चर फ्लॅशचा." तुम्ही मान हलवलीत, पण आडवी. अ‍ॅपर्चर म्हणजे दरवाजा. तो दोघांनाही सारखाच अडवतो. एफ/५.६ चं एफ/८ केलं तर चेहराही एक स्टॉप उतरतो, म्हणजे त्याचा उजेड निम्मा होतो, आणि भिंतही. फक्त चेहरा कमीजास्त करायचा असेल तर हात फ्लॅशच्या ताकदीकडे जायला हवा, फक्त खोली करायची असेल तर शटरकडे. फ्लॅशच्या ताकदीची ही तिसरी गोष्ट बऱ्याच जणांकडून सांगायची राहून जाते, आणि नेमकं तिथेच शिकणाऱ्याचं घोडं अडतं.

काळ्या पट्ट्याचं कोडं तुम्ही दोन तळहातांनी सोडवलंत. एक हात खाली सरकवलात, दुसरा त्याच्या मागोमाग : शटरचे दोन पडदे. सिंक स्पीडपर्यंत, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० पर्यंत, एक क्षण असा येतो की पूर्ण सेन्सर उघडा असतो. त्याहून वेगात गेलं की पहिला पडदा पोचायच्या आधीच दुसरा निघतो, नुसती फट सरकत जाते, आणि फ्लॅश उडाला तेव्हा जो भाग झाकलेला होता तो काळा राहतो. फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवलेला असता तर कॅमेऱ्याने स्वतःच मला रोखलं असतं. मी तो लांबून फ्लॅश उडवणाऱ्या साध्या ट्रिगरने उडवत होते, त्यामुळे अडवणारं कोणीच नव्हतं. हाय स्पीड सिंकने, म्हणजे फ्लॅश एकदम न उडता फट सरकेपर्यंत झपाझप लुकलुकत राहतो त्या सोयीने, पट्टा टळतो, पण ताकद बरीच जाते. घरात मुळात त्याची गरजच काय, असं तुम्ही विचारलंत. अजून तरी मला पडलेली नाही.

बाउन्सचा, म्हणजे छतावरून फ्लॅश परतवण्याचा, हिशोब मात्र मी घरी येऊन वहीत केला. माझ्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, आयएसओ १०० ला ४०; त्याला मीटरमधल्या अंतराने भागलं की एफचा आकडा मिळतो. छताला लागून माणसापर्यंत यायला उजेडाला साधारण ५ मीटर जावं लागतं. ४० भागिले ५ म्हणजे एफ/८, पूर्ण ताकदीवर. शिवाय छत उजेड पसरवतं आणि थोडा गिळतंही. त्याचे दोन स्टॉप धरले की उरलं एफ/४. मी मागत होते एफ/८! बिचारा फ्लॅश सगळा जीव ओतूनही दोन स्टॉप कमीच पडत होता आणि शिव्या मी कॅमेऱ्याला घालत होते. आयएसओ ४०० केलं की तेच एफ/४ पाव ताकदीवर मिळतं आणि फ्लॅश चटकन पुन्हा तयार होतो. दाण्यांची भीती मी तेव्हापासून सोडली.

आता घरात शिरले की आयएसओ ८००, शटर १/६०, एकदोन माणसं असतील तर एफ/४, दोन रांगा असतील तर एफ/५.६. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो. खोली दोनेक स्टॉप अंधारी आली की पुरे, मग फ्लॅश. एकदा लोभाने १/१५ वर गेले तर धावणाऱ्या भाचीच्या तोंडापुढे तिचंच धुरकट भूत धावत होतं. रिअर कर्टन सिंक लावल्यावर, म्हणजे फ्लॅश सुरुवातीऐवजी शटर मिटायच्या क्षणी उडवल्यावर, ते मागे गेलं, आता ती खरंच धावतेय असं वाटतं. तो फोटो ताईने फ्रेम केलाय.

त्यात मागची भिंत अजून नारिंगी आहे, कारण पिवळा दिवा आणि पांढरा फ्लॅश यांचं जमत नाही. त्यासाठी तुम्ही फ्लॅशवर लावायला दिलेला नारिंगी जेलचा, म्हणजे रंगीत पारदर्शक कागदाचा, तुकडा तेव्हा बॅगेतच विसरला होता. गेल्या आठवड्यात तो लावून, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरं कशाला मानायचं ती सेटिंग) टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या दिव्यावर, ठेवून बघितला. चेहरा आणि भिंत एकाच खोलीतली वाटली. तुकडा तुमचा आहे, परत द्यायला हवा हे कळतं. पण अजून थोडे दिवस ठेवू का?

तुमची,
काळ्या पट्ट्याची मालकीण